तिसऱ्या ओळीतली फुली

लालबाग, ३ फेब्रुवारी १९९७

गुणा,

पंधरा वर्षांत आयेचं पत्र नाही आणि आज आलं म्हणून घाबरू नकोस. घरातलं कुणी गेलेलं नाही. शेजारचं गेलं, ते पुढे सांगते. आधी आशीर्वाद घे. लिहिलेस का गे, बकुळा? लिहिले म्हणते.

अक्षर शिवाच्या बकुळाचं आहे. तू गेलास तेव्हा पाच वर्षांची होती, तुझ्या खांद्यावरून खाली उतरायची नाही. आता वीस वर्षांची घोडी झाली. (आजी, घोडी लिहू? लिही, खरं आहे ते.) कॉलेजात एनसीसीत बंदूक शिकली आणि तिथून ते वेडच लागलं. दर रविवारी वरळीला क्लबात जाते, पोटावर झोपते आणि लांब लावलेल्या कागदाला भोकं पाडते. तुझा भाऊ बँकेच्या दारात बारा वर्षं बंदूक धरून उभा आहे, त्याने अजून एक गोळी उडवलेली नाही. बारसं करताना बंदुकीचं नाव काढलं असतं तर बाहेर काढलं असतं मला बायकांनी.

आता कामाचं. क्लबाला एका म्हाताऱ्या मेजरसाहेबांनी आपली जुनी दुर्बीण दिली, बंदुकीवर बसवायची. तिच्यातून बघितलं की मधोमध फुली दिसते म्हणे. ती फुली लांबच्या काळ्या गोलावर ठेवायची आणि चाप ओढायचा. बकुळा त्याला रेटिकल म्हणते, मी फुलीच म्हणणार. तर ती फुली आतून तुटली आहे. मे महिन्यात नगरला तीनशे मीटरची स्पर्धा आहे, क्लबातून बकुळाला पाठवणार आहेत, आणि दुर्बीण आंधळी.

तू शिवाला गणपतीत कार्ड टाकतोस त्यावर दुकानाचा शिक्का असतो. परवा बकुळाने तो वाचून दाखवला. डेहराडून, जमीन मोजायची यंत्रं आणि दुर्बिणी दुरुस्त करून मिळतील. पंधरा वर्षं कार्ड येतंय आणि माझा मुलगा काय काम करतो ते मला परवा कळलं. मी शिक्का वाचला नाही त्याला कारण आहे. बाकीच्यांना काय झालं होतं?

ऐकून नवल वाटलं नाही. गिरणीत तू हजारो धागे एकेक करून मागाच्या तारांच्या बारीक डोळ्यांतून ओवायचास, खात्याचा मुकादम, तो जॉबर, म्हणायचा याच्या बोटांना डोळे आहेत. आता धाग्याऐवजी तार ओवतोस, एवढंच. पोरीची दुर्बीण दुरुस्त करशील का? माझं काम समजू नकोस. तिचं समज.

कोंडीराम संक्रांतीनंतर गेला. तुला बरं वाटेल. गिरण्यांच्या संपात जो चोरून आत कामाला जाईल त्याच्या नावापुढे फुली मारायचा कागद त्याच्याकडे असायचा, आणि तुझ्या नावापुढची फुली त्यानेच आकसाने मारली, असं तू इस्पितळात म्हणाला होतास. मी काही म्हणत नाही. तेराव्यानंतर त्याची लेक शेवंता येऊन मला एक पाकीट देऊन गेली. आत जुना कागद आहे. मला वाचता येत नाही म्हणून ट्रंकेत ठेवून दिला.

सही म्हणून खाली फुली केली आहे. हात थोडा हलला.

×


लालबाग, २४ फेब्रुवारी १९९७

गुणा,

बकुळाला तुझं पत्र पोचलं. दुर्बीण पाठव, फुली बसवून देतो, म्हणालास. पोरगी गॅलरीत नाचली, खालच्या मजल्यावरून ओरडा आला.

मला पत्रात एक अक्षर नाही. मला अक्षर येत नाही म्हणूनच लिहिलं नसशील, असं मी शेजारी सांगितलं.

तिने माझ्या पत्रात आपली वेगळी चिठ्ठी घालून तुला विचारलं होतं ना, काका, डोळ्याला इजा झाली असताना इतकं बारीक काम कसं करता? मी असते तर विचारू दिलं नसतं. तुझं उत्तर तिने वाचलं. "दुर्बिणीला एकच डोळा लागतो, तो मला आहे." मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने वाचलं. मी तांदूळ निवडत बसले.

सोबत तू छापील कागद पाठवलास त्यावर चार गोल आणि चार तऱ्हेच्या फुल्या. गुणा, बासष्ट वर्षांच्या आयुष्यात मला वाचता आलेला हा पहिला कागद. एक अक्षर नाही, नुसत्या फुल्या! मी चष्मा लावून, पाय पसरून, वकिलासारखी वाचत बसले. शिवा म्हणाला, आये, उलटा धरलायस. मी म्हटलं, मेल्या, फुलीला उलटं-सुलटं असतं काय?

पहिली बारीक, केसासारखी. दुसरी जाड. तिसरी बारीक, पण रेघांवर मण्यांसारखे ठिपके. चौथीत चार रेघा चार बाजूंनी येतात आणि मधे पोचायच्या आधीच थांबतात. मधे मोकळं, आणि त्या मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढा ठिपका.

मी म्हटलं पहिली घे, नाजूक आहे, मुलीच्या जातीला शोभेल. ही म्हणते, "आजी, मी काय नथ घेतेय? काळ्या गोलावर काळी बारीक रेघ हरवून जाते."

"मग जाड घे."

"जाड घेतली की मधला दहा गुणांचा गोल दिसतच नाही. तीनशे मीटरवर तो बटणाएवढा दिसतो."

"मग ती ठिपक्यांची घे. मंगळसूत्रासारखी आहे."

"ते ठिपके वाऱ्यासाठी. वारा इकडून आला की गोळी तिकडे सरकते, मग ठिपके मोजून बाजूला धरायचं. पण काका लिहितात की दुर्बिणीतलं चित्र लहान-मोठं केलं की त्या ठिपक्यांचं माप बदलतं. एकाच ठिकाणी खरं, बाकी सगळीकडे चुकीचं. मोजायचं की मारायचं, असा घोळ होतो."

चौथीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. तू ठरव, असं लिहिलंस. क्लबातले गृहस्थ म्हणतात जाडच घ्या, दिसते तरी. पोरगी अडकली आहे. एकदा बसवली की बदलणं नाही, आणि नेम चुकला तर पुढच्या वर्षी हिला कोण पाठवणार?

तुझी प्रकृती कशी, जेवण कोण करतं, हे मी विचारत नाही. विचारायचा हक्क असेल तर तसं कळव.

×


लालबाग, १२ मार्च १९९७

गुणा,

फुली ठरली. कशी ठरली ते ऐक.

बकुळाने पारदर्शक कागदावर चारही फुल्या शाईने काढल्या. गोल निशाण पाहिजे म्हणाली. मी तिला भाकरीचा तवा दिला. त्याच्या मधोमध चुन्याचं एक बोट लावलं आणि तवा गॅलरीच्या त्या टोकाला खिळ्याला टांगला. या टोकाला आम्ही दोघी, एक डोळा मिटून, कागद पुढे धरून. राधाबाई नळावरून येत होती, थांबली.

"काय ओ सुभद्राबाय, भाकऱ्या हवेत भाजतास काय?"

"तू बाजूला हो गे, नाहीतर तुलाच भाजीन."

पहिली फुली तव्यावर गेली आणि दिसेनाशी झाली. काळ्यात काळं. तिसरीच्या ठिपक्यांनी मला चक्करच आली. मग दुसरी, जाड. ती मात्र झकास दिसली. मी म्हटलं, ही बघ, हीच. ही म्हणाली, आजी, चुना कुठाय?

चुना नव्हता.

मी कागद बाजूला केला, चुना होता. कागद धरला, नाही. पोरगी म्हणाली, "हेच सांगत होते मी. फुली इतकी ठळक की तिच्याखाली काय आहे ते दिसत नाही. आपण फुलीवरच भरवसा ठेवायचा आणि गोळी घालायची."

मी खाली बसले. पाणी दे म्हटलं. ती म्हणाली, आजी, ऊन लागलं का? मी म्हटलं, हो, लागलं.

चौथी तिने एकटीनेच बघितली. चार रेघा थांबतात, मधे चुना दिसत राहतो आणि ठिपका त्याच्यावर बसतो. तर चौथी बसव. क्लबाच्या गृहस्थांना तिने सांगितलं, माझे काका बसवणार आहेत आणि आजीने बघून घेतली आहे. दुर्बीण उद्या पार्सलने निघेल.

आणखी लिहायचं होतं, पण या पोरीच्या हाताने नको. तिचा हात दुखतो. (माझा हात दुखत नाही, काका. आजीच मधेच उठून ट्रंकेपाशी जाते.)

×


परळ, १९ मार्च १९९७

गुणाजी,

हे अक्षर बकुळाचं नाही. परळच्या पोस्टाबाहेर तुळशीदास म्हणून एक म्हातारे गृहस्थ बसतात, लोकांचे फॉर्म भरून देतात, त्यांचं आहे. बकुळाला मी देवळात जाते सांगून आले. एका अर्थी खोटं नाही.

मागे लिहिलं होतं की तुझा फुल्यांचा कागद हा मला वाचता आलेला पहिला कागद. ते खोटं. तो दुसरा. पहिला या पाकिटात घालते आहे. शेवंताने आणून दिला तो हाच. कोंडीरामने पंधरा वर्षं जपून ठेवला होता.

संपाला नऊ महिने झाले होते. समितीचा तांदूळ यायचा आणि चाळीत वाटायचं काम कोंडीरामकडे होतं. त्याच्याजवळ दोन कागद असायचे. एक धान्याचा. त्यावर नावापुढे फुली म्हणजे या घराला तांदूळ पोचला. दुसरा गेटाचा. त्यावर फुली म्हणजे हा माणूस संप मोडून आत गेला. दोन्ही त्याच्याच हातचे, दोन्ही खोल्यांच्या क्रमाने लिहिलेले. शिवा दुसऱ्या गिरणीत, म्हणून आपल्या खोलीतून तुझं एकट्याचं नाव. खोली तीन, ओळ तिसरी. एवढं मला पाठ होतं. वरून तिसरी ओळ म्हणजे आपण. मला त्याचा गर्वच होता म्हण ना.

त्या दिवशी तो तांदूळ मापत होता, दोन्ही हात गोणीत. मी म्हटलं, तू माप, आमची फुली मी करते. तो हसला. "काकी, तुम्हाला जमेल?"

जमेल? आठ वर्षं मी गिरणीत सूत गुंडाळायच्या वायंडिंग खात्यात होते, तुटलेला धागा न बघता सांधायचे, आणि हा विचारतो एक फुली जमेल का. मी त्याच्या कानावरची पेन्सील काढली, दगडाखालचा वरचा कागद ओढला, आणि तिसऱ्या ओळीपुढे फुली मारली. चांगली जाड. दोनदा गिरवली.

वरचा कागद कुठला होता ते मला कसं कळणार? मी तांदूळ घेऊन घरी आले आणि तुला म्हटलंही, आज मी सही करून आले. तू म्हणालास, आये, आता तू कलेक्टर होणार.

दुपारी समितीची पोरं गेटाचा कागद घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू नळावरून बादली घेऊन जिना चढत होतास. पुढचं तुला माहीत आहे. मी दारात होते. तू ओरडत होतास, मी गेलोच नाही, मी गेलोच नाही. ते म्हणत होते, फुली आहे. तोंडाला काळं फासलं, ढकललं, आणि बादलीची कडी तुझ्या डोळ्यात गेली. फुली आहे, हे शब्द मी ऐकले, पण माझ्या डोक्यात काही जुळलं नाही. शपथेवर सांगते, तेव्हा जुळलं नाही.

संध्याकाळी कोंडीराम आला. तोंड चुन्यासारखं पांढरं. हातात धान्याचा कागद. म्हणाला, "काकी, या कागदावर तिसऱ्या ओळीपुढे फुली नाही. तांदूळ तर तुम्ही नेला." मी कागद बघितला, या पाकिटात आहे तोच. कोरी जागा मला वाचता आली, गुणा. ती वाचायला शाळा लागत नाही.

तो म्हणाला, मी जाऊन सांगू का त्याला? मी म्हटलं, नको. मी सांगते.

हे माझे शब्द. म्हणून तो गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात डबा घेऊन आले ती सांगायलाच आले होते. तुझ्या डोळ्यावर पट्टी. तू म्हणालास, "आये, कोंड्याने मारली ती फुली. मी त्याला सोडणार नाही." मी म्हटलं, जेव आधी. तू जेवलास. मी म्हटलं उद्या सांगेन. पंधरा दिवस मी डबा आणला आणि पंधरा दिवस म्हटलं, जेव आधी. सोळाव्या दिवशी खाट रिकामी होती.

कोंडीरामने हिंदमाताला फुटपाथवर ब्लाऊजपीस विकले आयुष्यभर. चाळीतली पोरं त्याच्या पाठीमागून म्हणायची, यानेच गुणाजीचा डोळा घालवला. तो ऐकून घ्यायचा. जिन्यात भेटला की मला विचारायचा, "काकी, गुणाचं पत्र?" एवढंच. सांगितलंत का, असं कधी विचारलं नाही. मी म्हणायचे, बरा आहे. पंधरा वर्षं तो माझ्या सांगण्याची वाट बघत होता आणि मी त्याला तुझी प्रकृती सांगत होते.

तुळशीदास थांबलेत. चष्मा पुसतात आणि म्हणतात, "आजी, हे सगळं ठेवायचं?" मी म्हटलं, लिहा हो, पोस्टाला ओझं होत नाही.

माझं वय सांगून मी माफी मागणार नाही. अडाणी होते हेही सांगणार नाही. अडाणीपणाने एक फुली झाली. नंतरची पंधरा वर्षं मला सगळं वाचता येत होतं.

आज खाली फुली करत नाही. अंगठा देते.

निशाणी अंगठा, सुभद्रा


लालबाग, २० मे १९९७

गुणा,

पुन्हा बकुळाचं अक्षर. तिला मी सांगितलं, परळहून आले त्याच संध्याकाळी. चार दिवस भाकरी वाढायची आणि ताट जरा जोरात ठेवायची. पाचव्या दिवशी जवळ येऊन म्हणाली, "आजी, पाटी आणू का? अजून शिकता येईल." मी म्हटलं, नको गे. आता वाचण्यासारखं होतं ते वाचून झालं. (मी पाटी आणली आहे, काका. कोनाड्यात आहे.)

दुर्बीण एप्रिलच्या शेवटी आली. दीड महिना तुझा शब्द नव्हता. पोस्टमन जिना चढला की मी आधी मोरीत जाऊन बसायचे.

खोका बकुळाने उघडला. कापसात दुर्बीण आणि तिच्यासाठी चिठ्ठी. "चौथी बसवली आहे. रेघा मधे जुळत नाहीत, काम अर्धवट राहिलं असं समजू नये. बसवल्यावर पहिल्या दहा गोळ्या मोजू नकोस." मी म्हटलं, कापसात नीट बघ. तिने बघितलं. मी म्हटलं, अजून एकदा बघ. तिने सगळा कापूस पिंजून दाखवला. माझ्यासाठी काही नव्हतं. बरोबर आहे.

खोक्याच्या तळाला दुसरी चिठ्ठी चिकटवलेली होती. त्यावर कुणाचं नाव नाही. "शेवंताचा पत्ता कळवा. गुणाजी."

पत्ता बकुळाने मागच्या बाजूला लिहिला आहे. ती माटुंग्याला दिली आहे, नवरा कापडाच्या दुकानात असतो. तिला मी आधीच जाऊन सांगून आले. माझ्या तोंडून सांगायचं होतं. तिने ऐकून घेतलं, चहा टाकला, माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः प्यायली नाही. बापाचा फोटो भिंतीवर होता. मी हात जोडायला गेले तर म्हणाली, "राहू दे, काकी." मी राहू दिलं. तू काय लिहायचं ते तू लिही. माझ्या वतीने काही नको.

नगरला बकुळा पाचवी आली. बावीस जणांत. वारा फार होता म्हणते. मेजरसाहेबांनी विचारलं, ही फुली कुणी बसवली? ही म्हणाली, आमच्या काकांनी, हातांना डोळे आहेत त्यांच्या. हे तिला कुणी सांगितलं? मी सांगितलं.

दुर्बीण क्लबात परत द्यायच्या आधी तिने मला एकदा दाखवली. गॅलरीत कठड्यावर उशी ठेवली, मला स्टुलावर बसवलं, म्हणाली, एक डोळा मिट. मी मिटला. डावा. तुझा गेला तोच. आधी नुसता उजेड हलला, मग समोर गिरणीचं गेट आलं, हाताला लागेल इतकं जवळ. गंजलेलं कुलूप, साखळी, साखळीत उगवलेलं गवत. चार रेघा चार बाजूंनी आल्या आणि थांबल्या. कुलूप झाकलं गेलं नाही. मी कितीतरी वेळ बघत होते. बकुळा म्हणाली, "आजी, काय दिसतंय?"

"सगळं दिसतंय गे," म्हटलं.

आता सही. खाली बघ. या वेळी हात हललेला नाही, मुद्दाम तशी काढली आहे; बाजूचं नाव तेवढं बकुळाने लिहिलं. चार रेघा, मधे जुळवलेल्या नाहीत. ठिपका मी काढला नाही. पेन्सील कोनाड्यात, पाटीजवळ ठेवली आहे. आलास तर तू काढ.

सुभद्रा